कॅरेक्टर ॲनिमेशन, घर आणि साबांचा डावा गुडघा

चिमणचारा
मंगळवार, रात्री १२.२०

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

वय ३६. एटीडी केलंय, आठ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, लेक झाल्यावर नोकरी सोडली ती सोडलीच. या जूनपासून कॅरेक्टर ॲनिमेशनचा वर्षभराचा कोर्स करतेय. शनिवार-रविवार पुण्यात वर्ग, बुधवारी रात्री ऑनलाइन, बाकी घरी अभ्यास. राहायला चिंचवड. नवरा कंपनीत, पाळ्या फिरत्या. लेक पहिलीत. साबा (सासूबाई) आमच्याकडेच असतात, गुडघ्यांनी बेजार पण जिभेने ठणठणीत. वर्गातली बाकीची मुलं बारावी होऊन आलेली. पहिले दोन महिने मला 'मॅम' म्हणायची, आता 'ताई'वर आलीत.

चेंडू उसळवून झाला, लंबक झाला, शेपटीवाला चेंडू झाला, चालही कशीबशी झाली. चेंडूच्या वेळी वाटलं होतं, अरे, हे तर जमतंय! चालीने तो माज उतरवला. आता शॉट आलाय तो असा: जमिनीवर बसलेलं पात्र उठून उभं राहतं. पाच सेकंद. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने १२० फ्रेम. तीन आठवड्यांची मुदत, त्यातला एक गेला.

दिवसभराचा मोकळा वेळ मोजला तर दोन-अडीच तास निघतात. पण सगळी चिल्लर. सकाळी डबे आणि व्हॅन गेल्यावर वीस मिनिटं. साबांची अंघोळ होईतो पंधरा. कुकरच्या शिट्ट्या होईतो दहा. लेक दुपारी घरी येते, त्यानंतर संध्याकाळपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही हा माझाच नियम. रात्री साडेदहानंतर सलग वेळ मिळतो तेव्हा माझ्याच डोळ्यांच्या पापण्यांचं ॲनिमेशन सुरू झालेलं असतं. दर वेळी फाइल उघडली की आपण कुठे होतो हे आठवण्यातच निम्मा वेळ जातो. ब्लेंडरच्या (ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) ग्राफ एडिटरमधल्या त्या रंगीत रेघा, त्यातली कंबर कुठली, खांदा कुठला, हे लागेपर्यंत शिट्टी.

परवा कहर झाला. दीड तास बसून सात-आठ पोझ लावल्या होत्या. लेक पाणी प्यायला उठली, मांडीवर येऊन बसली आणि कीबोर्डवर काहीतरी दाबलं. पात्र गायब! जमीन आहे, कॅमेरा आहे, दिवे आहेत, पात्र नाही. मी तिच्यावर ओरडले, ती रडली, साबा उठल्या, 'एवढ्या रात्री काय लावलंय' झालं. त्या तिरीमिरीत फाइल सेव्ह न करता बंद केली. पोझही गेल्या.

टाइम मॅनेजमेंटचे सल्ले नकोत, आणि पहाटे चारला उठ म्हणणाऱ्यांना आधीच साष्टांग नमस्कार. घर चालवत हे काम शिकलेलं कुणी इथे आहे का? तुम्ही कामाचे तुकडे कसे पाडलेत, एवढंच सांगा.

केळफूल
बुधवार, सकाळी ७.०५

वाचतेय. मी सीएच्या परीक्षेला बसलेली आई आहे, त्यामुळे ॲनिमेशनमधलं ओ की ठो कळत नाही, पण चिल्लर कळली. जाणकारांनी लिहा.

खडूफळा
बुधवार, सकाळी १०.४०

आधी वाईट बातमी. मुलीच्या हातून एच दाबला गेला असणार. ब्लेंडरमध्ये एच म्हणजे 'लपव'. अल्ट धरून एच दाबलं की लपलेलं सगळं परत दिसतं. तुमचं पात्र तिथेच होतं. पोझही.

आता कामाचं. मी १४ वर्षं या धंद्यात आहे, मुंबईत, बहुतेक सगळी टीव्ही मालिकांची कामं. आमच्याकडेही दोन लहान आहेत, तेव्हा चिल्लर मलाही ठाऊक आहे. माझ्या लेखी या कामाच्या दोन जाती: कुकरवाली कामं आणि दार लावून करायची कामं.

कुकरवाली म्हणजे मध्येच उठलात तरी नुकसान होत नाही अशी. उदाहरणार्थ थंबनेल. पाठकोऱ्या कागदावर काडीमाणसं काढायची, उठण्याच्या आठ पोझ, प्रत्येकीत पाठीची रेघ कुठे वाकतेय तेवढंच. लॅपटॉप लागत नाही, ओट्यापाशी उभ्याने होतं. त्यानंतर ब्लॉकिंग, म्हणजे नुसत्या मुख्य पोझ लावणं. इंटरपोलेशन कॉन्स्टंटवर ठेवायचं, म्हणजे दोन पोझच्या मध्ये संगणक स्वतःची अक्कल चालवत नाही, पात्र टप्प्याटप्प्याने उड्या मारत जातं. यात एक पोझ पंधरा मिनिटांत बसते आणि बसली की बसली. शिट्टी झाली, उठा.

स्प्लाइनचं, म्हणजे त्या उड्या सलग हालचालीत बदलण्याचं, तसं नाही. पोझच्या मधला प्रवास सुरू झाला की एकाला धरलं तर दुसरं सुटतं. कंबर खाली घेतली की तळवा घसरतो. तळवा रोवला की पाय पुरेनासा होतो आणि गुडघा टचकन सरळ होतो, त्याला आम्ही नी-पॉप म्हणतो. हे सगळं एका वेळी डोक्यात धरावं लागतं. दहा-दहा मिनिटांत करायला गेलात तर रडाल. त्यासाठी आठवड्यात दोन सलग बैठका मागून घ्या, अडीच-अडीच तासांच्या. घरात 'मला रोज वेळ द्या' म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि कुणीच देत नाही. 'गुरुवारी रात्री आणि रविवारी संध्याकाळी दार बंद' हे लोकांना कळतं.

फाइल बंद करण्याआधी टाइमलाइनवर मार्कर टाकून त्याला नाव द्यायचं: 'इथे कंबर अजून खाली', 'हात उशिरा सुटू दे'. दुसऱ्या दिवशी आठवत बसायला लागत नाही. आणि सेव्ह ॲजच्या खिडकीत अधिकचं बटण आहे, ते दाबलं की फाइलच्या नावापुढचा आकडा वाढतो. दर बैठकीला नवा आकडा. माझ्याकडे एकेका शॉटच्या चाळीस-चाळीस फाइली असतात. डिस्क भरते, पण झोप लागते.

रेफरन्स काढलात का? कुणाला तरी उठताना शूट केल्याशिवाय हा शॉट हातात घेऊ नका.

चिमणचारा
बुधवार, दुपारी १२.१५

अल्ट-एच!!! मी लेकीची माफी मागितली. तिने ती एका चॉकलेटवर दिली.

मार्करला नाव देता येतं हेच माहीत नव्हतं. रेफरन्स काढलाय, स्वतःचाच, फोन डब्याला टेकवून. पण त्यात मी फारच 'आता मी उठते हं' अशी उठतेय.

बोचरा_वारा
बुधवार, दुपारी ३.३०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळं दोन वर्षांत एआय करणार आहे. या वयात फी भरून बाहुल्या हलवायला शिकण्यापेक्षा बीएड करून शाळेत परत गेला असतात तर पेन्शन तरी मिळाली असती. घरच्यांची फरफट वेगळीच.

केळफूल
बुधवार, दुपारी ३.५०

कुठली पेन्शन? नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन कुठेय? तुमचा वारा त्याच्या आधीचा दिसतोय. (हलके घ्या.)

खडूफळा
बुधवार, संध्याकाळी ६.२०

बोचऱ्या वाऱ्याचं सगळंच खोटं नाही, म्हणून सांगतो. धंदा डळमळीत आहे. २०२५च्या फेब्रुवारीत एक जुनी बडी परदेशी कंपनी कोसळली, तेव्हा बंगळुरू-मुंबईतली चांगली हातखंडा माणसं एका आठवड्यात घरी बसली. माझे मित्र होते त्यात. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं कुणी सांगत असेल तर त्यावर घराचा हप्ता काढू नका. घरून फ्रीलान्स मिळतं, मुलांची गाणी, जाहिराती, ॲपसाठी छोटे तुकडे. पैसे मात्र मागून मागून घ्यावे लागतात.

दुसरी बाजूही ऐका. २०२५ साली ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो लॅटवियातल्या दिग्दर्शकाने लहानशा चमूबरोबर ब्लेंडरमध्ये केला होता. म्हणजे ताईंच्या डायनिंग टेबलावर आहे तेच फुकटचं सॉफ्टवेअर. यातून ताईंना नोकरी लागेल असं काही मी म्हणत नाहीये. अवजाराची सबब संपली, इतकंच.

एआयबद्दल माझं मत: हलवून देतंय, वजन देत नाहीये. उद्या देईलही. मला ज्योतिष येत नाही.

बर्फाळ_मोगरा
गुरुवार, सकाळी ९.१०

व्हँकूव्हरहून. मी ॲनिमेटर आहे. लेक नऊ महिन्यांचा असताना ऑनलाइन शाळेत शिकायला लागले. त्याला मांडीवर थोपटत एका हाताने पोझ लावलेल्या आहेत, त्यामुळे माझी सुरुवातीची सगळी पात्रं एका बाजूला झुकलेली.

खडूफळांशी अर्धीच सहमत. ब्लॉकिंग पहिल्यापासून तुकड्यांत केलं की एक गंमत होते. आज एक पोझ, उद्या एक पोझ, प्रत्येक छान, पण एकमेकींशी बोलतच नाहीत. जणू आठ वेगळ्या बायका उठतायत. म्हणून पहिल्या बैठकीत तासभर मागून घे आणि सगळ्या पोझ वाईट, अगदी लाज वाटेल अशा, पण एका दमात लाव. बोटं नकोत, चेहरा नको, नुसती कंबर, पाठ, डोकं, पाय. मग कुकरवर एकेक सुधारत बस. दमाचं काम आधी, चिल्लर नंतर.

आणि ब्लॉकिंगमध्ये असतानाच सरांना दाखव. आपण बायका घर आवरल्याशिवाय पाहुण्यांना आत घेत नाही, तीच खोड शॉटलाही लागते. स्प्लाइन करून, बोटं-बिटं नटवून दाखवायला नेला आणि सर म्हणाले 'मूळ पोझच चुकलीय' तर तीन रात्री पाण्यात.

वेगाचं मनावर घेऊ नको. मोठ्या सिनेमांत पूर्ण वेळ पगार घेऊन बसणाऱ्या ॲनिमेटरचे आठवड्याला तीन-चार सेकंद झाले तरी ते बरे मानतात. तुला कुकर सांभाळून पाच सेकंदांना तीन आठवडे मिळालेत.

रच्याकने (जाता जाता), वजन कळायला एक खेळ कर. लेकीला खुर्चीत ताठ बसव, तिच्या कपाळाला एक बोट लाव आणि म्हण, ऊठ. नाही उठता येत. डोकं आणि छाती पुढे येऊन भार तळव्यांवर पडल्याशिवाय माणूस खुर्चीतून उठूच शकत नाही. नवशिक्यांच्या शॉटमध्ये पात्र लिफ्टसारखं सरळ वर जातं, कारण त्यांनी तो पुढे येण्याचा भाग गाळलेला असतो.

अण्णा_ओसरीवाले
गुरुवार, सकाळी ११.३०

अवांतर होईल, पण राहवत नाही. घरात बसून ॲनिमेशन करण्याची आपली परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रं ठरावीक अंतराने एकेक फ्रेम करून घेतली. बी रुजून वेल झाला तो पडद्यावर क्षणात, आणि ते पाहून त्यांना पुढच्या सिनेमासाठी भांडवल मिळालं. पुढे १९१५ साली त्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. आगकाड्यांना ना चेहरा ना हातपाय. तुमच्या पिढीला एवढी अवजारं असून तक्रार कसली?

केळफूल
गुरुवार, सकाळी ११.४५

अण्णा, त्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम रात्री अंधारात कोण करत होतं? सरस्वतीबाई, फाळक्यांची बायको. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक कुणाचा? सरस्वतीबाईंचा. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून कोण उभं होतं? पुन्हा त्याच. आता सांगा, त्यांना आगकाड्या हलवायच्या असत्या तर कुंडीपाशी कोण बसलं असतं?

अण्णा_ओसरीवाले
गुरुवार, दुपारी १२.३०

मुद्दा मान्य. ओसरीवर जाऊन बसतो.

बर्फाळ_मोगरा
गुरुवार, रात्री १०.००

केळफूल, टाळ्या. उलटं उदाहरणही आहे. लोटे रायनिगर, जर्मनी. काळ्या कागदाच्या छायाकृती कात्रीने कापून १९२६ साली पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला, पॉट्सडॅममध्ये एका गॅरेजच्या माळ्यावर. जवळपास तीन वर्षं लागली. कॅमेऱ्यामागे तिचा नवरा, कार्ल कोख. म्हणजे नवऱ्यांना हे शिकवता येतं असा पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

घरकामगार_नवरा
शुक्रवार, सकाळी ८.२०

नवऱ्यांच्या वतीने एकच. आम्ही नागपूरला असताना बायको असाच कोर्स करायची. मी 'मदत' करायचो, म्हणजे दर अर्ध्या तासाने दार उघडून विचारायचो, चहा हवा का. तिने एक दिवस शांतपणे सांगितलं की तुझ्या चहाने माझी कंबर घसरते. तेव्हापासून थर्मास दाराबाहेर.

चिमणचारा
सोमवार, रात्री ११.५०

मधले चार दिवस इकडे फिरकले नाही, कारण घरात शूटिंग चालू होतं.

कपाळाला बोट लावायचा खेळ केला. लेक हसून हसून लोळली, मग तिने तो साबांवर केला. साबा म्हणाल्या, "बोट काढ, मला तशीही उठायला दोन मिनिटं लागतात." आणि माझी ट्यूब पेटली. मी कॉटवर, खुर्चीवर, आरशापुढे रेफरन्स शोधत होते, आणि जमिनीवरून उठण्यातली सगळ्यात मोठी तज्ज्ञ रोज माझ्यासमोर मांडी घालून भाजी निवडत होती.

परवानगी मागितली. "माझे गुडघे कशाला लोकांना दाखवतेस?" म्हणाल्या. लोकांना नाही, मलाच बघायचेत म्हटलं. मग नीट इस्त्रीची साडी नेसून आल्या. मी फोन एकदा समोरून, एकदा बाजूने लावला.

काय करतात सांगू? आधी पदर कमरेला खोचतात. उठण्याची सुरुवात तिथे आहे, पायांत नाही. मग मांडी मोडून दोन्ही पाय उजवीकडे घेतात. उजवा तळहात जमिनीवर, बोटं पसरलेली. तिथे एक थांबा, साधारण अर्ध्या सेकंदाचा, त्यात नुसता श्वास. मग भार डाव्या गुडघ्यावर घेत उजवं पाऊल पुढे रोवतात. जमिनीवरचा हात सुटून उजव्या मांडीवर येतो. आणि मग कंबर वर जाते, डोकं अजून खालीच. पाठ सगळ्यात शेवटी उलगडते, खालून वर, आणि पूर्ण सरळ होतच नाही. शेवटी हात कमरेवर आणि 'आई गं'. एकूण सहा सेकंद.

मी याच्या आधी केलेलं ब्लॉकिंग त्यांना दाखवलं. कोर्सवर दिलेली मुलगी आहे, तरुण, जीन्समधली. दोनदा पाहिलं. म्हणाल्या, "हिला काहीच दुखत नाही वाटतं." सरांनी 'वजन दिसत नाही' असं दोनदा लिहून पाठवलं होतं, ते मला या वाक्याने कळलं.

मग स्वतःच चुका काढायला लागल्या. "हात लवकर उचलला हिने. मी एवढ्यात हात सोडला तर तोंडावर पडेन." "डावा गुडघा टेकवलाच नाही नीट." मी थांबवून थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवत होते आणि त्या चष्मा लावून बघत होत्या. साडेअकरा झाले होते. एवढ्या रात्री काय लावलंय, असं कुणीच म्हटलं नाही.

गोठ्यातला_गणू
मंगळवार, पहाटे ५.१०

दूध घालून आलो, आता वाचला धागा. मी फलटणचा. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला. फोनवर टूडी शिकतोय, बोटाने काढून. लॅपटॉप नाही. वडलांच्या कमरेचं ऑपरेशन झालं तेव्हापासून गोठा माझ्याकडे, त्यामुळे ताईंची चिल्लर वाचून बरं वाटलं, म्हणजे एकटा नाही म्हणून.

ताई, कंबर आधी आणि डोकं शेवटी, हे आमच्या म्हशीचं उठणं झालं. गाय-म्हैस उठताना आधी पुढचे गुडघे टेकून मागची बाजू वर घेते, मग पुढचे पाय. घोडं उलटं, आधी पुढचे पाय ताणतं आणि मग मागून जोर लावून उठतं. मी दोन्ही काढलेत. पहिल्यांदा म्हैस घोड्यासारखी उठवली होती, वडलांनी फोनमध्ये बघितलं आणि म्हणाले, ही दूध द्यायची नाही.

साबांना म्हैस म्हणायचं नाही मला. हलके घ्या.

चिमणचारा
मंगळवार, सकाळी ९.३०

गणू, साबांना वाचून दाखवलं. आधी भुवया वर. मग म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. गुडघे टेकूनच उठतो आम्ही. आणि त्या पोराच्या वडलांना म्हणावं, ऑपरेशननंतर खाली बसू नका."

खडूफळा
मंगळवार, दुपारी १.००

या धाग्यावर फी न घेता जे चाललंय ते पाहून माझ्याच क्षेत्राची लाज वाटतेय.

ताई, एक खोच. फोन बहुधा ३० फ्रेमने शूट करतो, तुमची टाइमलाइन २४ची. व्हिडिओ तसाच फ्रेमला फ्रेम लावून ठेवलात तर साबांचे दोन सेकंद तुमच्याकडे अडीच होतील, आणि मग तुम्ही म्हणाल, एवढ्या सावकाश उठतात? आधी २४ला बदलून घ्या. काही फोन तर प्रकाश कमी झाला की फ्रेमचा वेगही गुपचूप बदलतात, त्यामुळे दिवसाउजेडी शूट केलेला बरा.

सहा सेकंद पाच सेकंदांत कोंबायचेत तर सगळंच सारखं आवळू नका. तो श्वासाचा थांबा तसाच राहू द्या, पाय वळवणं भराभर उरका. बघणाऱ्याला थांबा लक्षात राहतो.

गणू, म्हैस इथे टाक. घोडंही.

बोचरा_वारा
मंगळवार, दुपारी २.१५

म्हैस मलाही बघायचीय.

केळफूल
मंगळवार, दुपारी २.१७

आँ? वारा फिरला?

चिमणचारा
रविवार, रात्री ९.४०

शॉट दिला. हिशेब सांगते, कुणाच्या उपयोगी पडला तर.

बर्फाळ_मोगराचं ऐकून मंगळवारी नवऱ्याची सुट्टी होती तेव्हा तासभर दार लावलं आणि नऊ घाणेरड्या पोझ एका दमात लावल्या. तशाच बुधवारच्या वर्गात दाखवल्या, कानकोंडी होऊन. सर म्हणाले, पोझ ठीक, उजवं पाऊल अजून कमरेच्या खाली आण, नाहीतर ती उठणार कशी. म्हणजे पुन्हा कपाळावरचं बोटच. पुढचे दोन दिवस कुकरवर एकेक पोझ. स्प्लाइनच्या दोन बैठका ठरवल्या होत्या. त्यातली गुरुवारची लेकीच्या तापात गेली, १०१ होता, रात्रभर पट्ट्या. शनिवारचीच काय ती मिळाली, वर्गाहून आल्यावर, साडेनऊ ते एक. नवऱ्याने थर्मास दाराबाहेर ठेवला. (घरकामगार_नवरा, तुमचा प्रतिसाद त्याला पाठवला होता.)

त्यामुळे पॉलिश अर्धवटच आहे. डाव्या हाताची बोटं सगळा वेळ एकाच आकारात आहेत, भजं धरल्यासारखी. ८८व्या फ्रेमला गुडघा अजून किंचित उडतो. सरांनी दोन्ही बरोब्बर पकडलं. पण वजनाबद्दल या वेळी काही लिहिलं नाही. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, ताई, हिला संधिवात आहे का. मला मिठी मारावीशी वाटली त्याला.

साबांना आज जेवणानंतर दाखवला. तीनदा पाहिला.

"गुडघा बरोबर आहे," म्हणाल्या. "पण जीन्स घातलेली मुलगी अशी उठेल का?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. सरांनाही ते सुचलेलं नाही. सांगितलं की रिग (हलवायला दिलेलं तयार पात्र) हीच मिळालीय, साडीवाली नाही. तर म्हणाल्या, मग ती म्हातारी कर, केस पांढरे करायला काय लागतं?

खडूफळा
रविवार, रात्री १०.१५

केस पांढरे करायला दोन मिनिटं. पदर करायला मात्र पुढचं सत्र लागेल. कापड हलवणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्यासाठी नवा धागा काढा.

गोठ्यातला_गणू
सोमवार, पहाटे ५.२०

म्हैस टाकली आहे, खालच्या दुव्यात. शेपूट अजून नीट नाही. ताई, शेपटीवाला चेंडू कसा केला होता तेवढं सांगाल का?

चिमणचारा
सोमवार, सकाळी ७.३५

म्हैस पाहिली. साबांनीही. कान फार आवडले, माशी बसल्यावर जो झटकलाय तो. शेपटीचं दुपारी लिहिते. मुळाचा भाग आधी हलवायचा आणि पुढचा प्रत्येक सांधा दोन-दोन फ्रेम उशिरा, एवढं आत्ता लक्षात ठेव. व्हॅन आली.

लेकीला एच सापडलाय. आता ती मुद्दाम दाबते, पात्र गायब करते, आणि मी ओरडायच्या आत स्वतःच अल्ट-एच दाबून म्हणते, "भॉक!"